माउंट नेबोच्या मागचं पिंप

आमच्या माउंट नेबो चर्चच्या मागं, पेकनच्या झाडाखाली, एक पांढरं पिंप आहे. तेलाचंच पिंप. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या डीकन होजेया ब्लेडसोनं त्याचं झाकण कापलं, बुडाशी भोकं पाडली आणि वर पांढरा रंग दिला. गावात नवा आलेला माणूस विचारतो, "इथं कचरा जाळता का?" मी म्हणते, "होय बाबा, कचराच. पण कोर्टाचा."

ही रीत कशी पडली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पोरसवदा होते तेव्हा चर्चच्या इमारतीवर बँकेचं कर्ज होतं. आमच्या आयांनी मासे तळून विकले, केक विकले आणि ते फेडलं. ज्या रविवारी फिटलं त्या रविवारी म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी गहाणखत ताटात ठेवून सगळ्यांदेखत पेटवलं. आम्हा काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ही जुनी चाल आहे, कर्ज फिटलं की कागद जाळायचा. पुढं बऱ्याच वर्षांनी थर्मन बर्डचा खटला कोर्टाच्या दप्तरातून पुसला गेला. तरुणपणी कुणाच्या तरी गाडीत बसला होता, गाडी चोरीची निघाली, एवढंच त्याचं पाप. तर थर्मन उभा राहिला आणि म्हणाला, "इमारतीचा कागद जाळला, मग माझा का नको?" झालं. तेव्हापासून ज्याची नोंद पुसली जाईल त्यानं कागद घेऊन पिंपापाशी यायचं, आपल्यावर काय लिहिलं होतं ते मोठ्यानं वाचायचं, शेवटचं एकदा, आणि पिंपात टाकायचं. मग आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "गेलं!" नंतर तळलेला मासा, कोलार्डची भाजी, रताळ्याची गोड पाई. मीही त्या पिंपाभोवती टाळ्या वाजवल्यात, खोटं कशाला बोलू?

मी ओझेला टेट. गावातल्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळते. तोंडानं फटकळ आहे, ते मला माहीत आहे, कुणी नव्यानं सांगायला नको. आणि वर्लीन प्रुइट माझी मैत्रीण, बालपणापासूनची. आमच्या घरांच्या मध्ये एकच कुंपण आहे आणि तेही निम्मं पडलेलं.

वर्लीनची पोर रोशेल नुकती पावलं टाकायला लागली होती तेव्हाची गोष्ट. वर्लीन कॅटफिश कापायच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला गेलेली. पोरीपाशी तिचा धाकटा भाऊ. शेगडीवर मक्याची लापशी रटरटत होती, भाऊ पाठ वळवून काहीतरी करत होता, तेवढ्यात पोरीनं पातेल्याचा दांडा ओढला. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. वर्लीनला कारखान्यात निरोप मिळाला. अंगावर माशाचं रक्त लागलेला एप्रन तसाच, धावत इस्पितळात गेली, आणि तिथं दारातच पोलिसानं तिला बेड्या घातल्या. कलम काय, तर लहान मुलाशी क्रूर वागणूक! अरे, ती घरात नव्हती मेल्यांनो! पण लिहिणाऱ्याचं काय जातंय? पुढं भावानं कोर्टात साक्ष दिली, कारखान्यानं हजेरी दाखवली, न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. आरोप रद्द, आरोपी मुक्त. वर्लीन घरी आली. तिला वाटलं, संपलं.

संपलं कुठलं? खटला रद्द होतो, अटक रद्द होत नाही. अटकेची नोंद राजधानीत राज्याच्या पोलिसांकडं राहते, आणि कुणीही कामावर ठेवण्याआधी ती मागवतो. वर्लीननं शाळेत अर्ज केला, दवाखान्यात केला, पाळणाघरात केला. सगळीकडं गोड बोलून वाटेला लावली. शेवटी त्याच कारखान्यात गार पाण्यात हात घालून तिनं सगळी उमर काढली. बोटं इतकी बधिर झाली की चहाचा कप धरला तरी तिला कळेना, गरम आहे की थंड. माझ्या स्वयंपाकघरात जागा निघाली तेव्हा मीच आमच्या व्यवस्थापकाला म्हटलं, हिला घ्या. त्यानं नोंद मागवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओझेला, बाई चांगली असेल गं, पण हे बघ काय लिहिलंय."

मी तो कागद वर्लीनपुढं ठेवला. म्हटलं, "आता बास. पुसून टाकायचं हे. नुसती मान खाली घालून किती वर्षं चालणार आहेस?"

दर वसंतात आमच्या चर्चच्या तळघरात वकील येतात, फुकट काम करणारे. त्यात टॅम्सिन वेक्सलर नावाची एक गोरी पोरगी होती, चष्मा नाकाच्या टोकावर, पण कामाला वाघ. तिनं वर्लीनला नीट समजावलं. आधी आपल्यावर काय काय लिहिलंय ते शोधायचं, सगळीकडं. त्यासाठी जिल्ह्याच्या कोर्टात कारकुनाच्या खिडकीशी जाऊन खटल्याच्या कागदांची शिक्क्याची प्रत घ्यायची. शेरीफच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे, ते राजधानीला जातात, मग तिथून आपली पूर्ण नोंद येते. दोन्ही जुळतात का बघायचं. मग न्यायाधीशाकडं अर्ज. सरकारी वकिलाला हरकत घ्यायला वेळ द्यायचा. हरकत नसेल तर न्यायाधीश सही करतो, आणि कोर्टातली फाईल, राज्याची नोंद, सगळं नष्ट होतं. आमच्या राज्यात नुसतं झाकून ठेवत नाहीत, यंत्रात घालून चिंध्या करतात.

वर्लीननं सगळे उंबरे झिजवले. मी सोबत गेले. हुकूम आला त्या दिवशी ती हसत होती की रडत होती ते मला अजून सांगता येणार नाही.

टॅम्सिन तेव्हा आमच्याकडच्या आदराच्या रीतीनं म्हणाली होती, "मिस वर्लीन, ही शिक्क्याची प्रत जपून ठेवा. कायमची."

वर्लीन म्हणाली, "पोरी, जो साप घरातून काढायला माझं निम्मं आयुष्य गेलं, त्याची कात मी ट्रंकेत जपू?"

"ठेवा हो," टॅम्सिन हसत हसत म्हणाली, "लागते कधीकधी." आणि पुढच्या माणसाकडं वळली. रांग मोठी होती.

आमच्याकडं महत्त्वाचे कागद फ्रीझरमध्ये ठेवतात, माशांच्या पिशव्यांखाली. घरं लाकडाची, वायरी जुन्या. घर जळलं तरी मोठा फ्रीझर उरतो, असं आमच्या आयांपासून चालत आलंय. वर्लीननंही हुकूम आणि खटल्याचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्येच ठेवले होते. तिथं राहिले असते तर! पण जाळाचा रविवार आला, आणि तिनं ते बाहेर काढले.

त्या रविवारी रोशेल राजधानीहून आली होती, आपल्या पोरीला घेऊन. पोरगी जूनी, चार वर्षांची, पिवळा फ्रॉक, एका जागी बसेल तर शपथ. वर्लीननं पिंपापाशी उभं राहून वाचलं. लहान मुलाशी क्रूर वागणूक, एवढे शब्द आले आणि तिचा आवाज फुटला. तेव्हा रोशेल पुढं आली, डाव्या हाताची बाही वर केली आणि तो जुना डाग सगळ्यांना दाखवला. "हा तो हात," ती म्हणाली. "माझ्या आईनं मला जन्मात कधी चापट मारली नाही. लिहून घ्या कुणाला लिहायचं असेल तर." मग वर्लीननं शेवटची ओळ वाचली, आरोप रद्द, आरोपी मुक्त, आणि सगळी पिशवीच पिंपात सोडली. डीकन होजेयानं काडी लावली.

"गेलं!" आम्ही ओरडलो.

जूनीला त्याची इतकी गंमत वाटली की दिवसभर तेच. दूध संपलं, गेलं! मासा संपला, गेलं! डीकनच्या डोक्यावरची टोपी वाऱ्यानं उडाली, गेली! आम्ही पोट धरधरून हसलो. डीकन तेवढा हसला नाही, टोपी नवी होती.

त्यानंतरच्या सोमवारी वर्लीन माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाली. आमच्या व्यवस्थापकानं राज्याची नोंद मागवली, ती कोरी आली. उन्हाळाभर वर्लीन गाणं म्हणत बटाटे सोलत होती, आणि गाणं तिला अजिबात येत नाही. मी कान बंद करून ऐकून घेतलं.

शरद लागला आणि रोशेल गेली. दम्याचा झटका. कामावर, भरदुपारी, गोदामात पेट्या लावताना. इस्पितळाची गाडी आली तोवर सगळं आटोपलं होतं. जूनी पाळणाघरात होती. संध्याकाळी न्यायला कोणी आलं नाही, आजीचा फोन नंबर त्यांच्याकडं नव्हता, म्हणून त्यांनी सरकारला कळवलं. आम्हाला बातमी लागून आम्ही राजधानीत पोचेपर्यंत पोरीला उत्तरेकडच्या डोंगराळ भागात एका कुटुंबाकडं ठेवून झालं होतं. तात्पुरतं, असं म्हणाले. एका बाजूला लेकीला पुरायचं आणि दुसऱ्या बाजूला नातीसाठी कचेरीत बसायचं, हे वर्लीननं एकाच आठवड्यात केलं. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

बालकल्याणाच्या कचेरीत मिसेस ऑर्टन म्हणून बाई होत्या. वाईट नव्हत्या, उगाच का म्हणू? त्या म्हणाल्या, "नात्यातल्या माणसाला पहिला हक्क, असा नियमच आहे. घर बघून घेऊ, ठसे घेऊ, आणि नोंद स्वच्छ असली की पोरगी तुमची."

वर्लीन छाती पुढं काढून म्हणाली, "माझी नोंद कोरी आहे, बाई. कोर्टाच्या सहीनं कोरी आहे."

घर बघायला माणसं आली. वर्लीननं रोशेलच्या जुन्या खोलीला फिका हिरवा रंग दिला होता, खिडकीला नवा पडदा. मी माझ्या भाच्याकडून छोटा पलंग आणून दिला. माणसं खूश होऊन गेली. मग ठशांचं उत्तर आलं आणि ऑर्टनबाईंनी बोलावून घेतलं.

त्यांच्या टेबलावर एक कागद होता. राज्याचा नाही, त्याच्या वरचा, देशाच्या सरकारचा. अटक झाली की जिल्ह्यातून एक ठसा राज्याला जातो आणि एक थेट वॉशिंग्टनला, हे आम्हा कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. राज्यानं आपली नोंद फाडली. वरची कुणी फाडली नाही. तिथं अजून लिहिलेलं होतं, वर्लीन प्रुइट, अटक, लहान मुलाशी क्रूर वागणूक. आणि पुढं निकालाची जागा रिकामी.

"ही जागा रिकामी आहे ना, तिथंच अडलंय," ऑर्टनबाई म्हणाल्या. "लहान मुलाविरुद्धचा आरोप असेल आणि निकाल माहीत नसेल, तर मी मूल देऊच शकत नाही, माझे हात बांधलेत. पण तुम्ही म्हणता आरोप रद्द झाला. मग काय मोठंसं? कोर्टाची शिक्क्याची प्रत आणा. एक कागद. तो दाखवा आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन जा."

मी वर्लीनकडं बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती नुसती पर्सचा पट्टा पिळत राहिली. शेवटी मीच म्हटलं, "आणतो."

आणतो! कुठून? आम्ही तडक जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. खिडकीतल्या पोरानं नाव टाकलं, तारीख टाकली आणि मान हलवली. "या नावानं काही नाही."

"अरे, वसंतात याच खिडकीतून मी प्रत नेली," वर्लीन म्हणाली.

"नेली असेल, मिस. पण आता नाही. पुसलेलं म्हणजे पुसलेलं. होतं असं म्हणायचीसुद्धा मला मनाई आहे."

"पण ते माझंच होतं ना? मीच मागतेय!"

त्या बिचाऱ्यानं काय करावं? त्यानं नोंद नाही असा एक दाखला शिक्का मारून दिला. तो घेऊन आम्ही परत ऑर्टनबाईंकडं. त्यांनी वाचला आणि परत केला. "हा कागद म्हणतो, नोंद नाही. निकाल काय लागला ते कुठं म्हणतो? शिक्षा होऊन पुसली असेल तरी दाखला हाच मिळतो."

टॅम्सिनला फोन लावला. वर्लीननं सगळं सांगितलं. टॅम्सिन अगदी हळू म्हणाली, "मिस वर्लीन, ती प्रत?"

"पिंपात," वर्लीन म्हणाली.

टॅम्सिननं जीव तोडून धावपळ केली, ते मी नाकारणार नाही. तिच्या फाईलमध्ये अर्जाचा मसुदा होता, पण त्यावर शिक्का नाही. खटला काढून टाकणारे न्यायाधीश केव्हाच वारले. वसंतात पुसायचा हुकूम देणाऱ्या न्यायाधीशालाही त्या कारकुनासारखीच बोलायची मनाई. साक्ष देणारा वर्लीनचा भाऊ शिकागोला गेला होता, तिथंच निमोनियानं संपला. कारखान्याचा मालक बदलला, हजेऱ्या कुणी ठेवल्या नाहीत. आणि जिचा हात भाजला होता, जी एका वाक्यात सगळं मिटवू शकली असती, ती रोशेल आमच्या चर्चच्या आवारात मातीखाली. वॉशिंग्टनची नोंद दुरुस्त करण्यासाठी टॅम्सिननं अर्ज पाठवला. "उत्तर येईल," ती म्हणाली, "पण महिने लागतात."

मी एका दुपारी चर्चच्या मागं गेले तर डीकन होजेया पिंपात अर्धा वाकून चाळणीनं राख चाळत होता. म्हटलं, "काय शोधताय?"

"काही उरलंय का बघतो."

"आणि?"

त्यानं तळहात उघडला. कागद टाचायच्या दोन पिना. "वसंतातली राख मी कोलार्डच्या वाफ्यात टाकली होती," तो म्हणाला, "खत म्हणून." ती भाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती. मी तिथून निघून आले.

भेटीची परवानगी होती, पण कचेरीतल्या खोलीत, ऑर्टनबाई कोपऱ्यात बसलेल्या. वर्लीन दर वेळी कंगवा, तेल आणि मणी घेऊन जायची. जूनीला मांडीशी बसवून वेण्या घालायची. ज्या घरात पोरगी होती ती माणसं चांगली होती, जीव लावत होती, पण आमच्या पोरींचे केस कसे हाताळायचे ते त्यांना कुठलं माहीत? वर्लीनची बोटं बधिर, एकेक पेड घालायला वेळ लागायचा. एकदा निम्म्या डोक्याच्या वेण्या झाल्या आणि ऑर्टनबाई उठल्या.

"वेळ संपली, मिसेस प्रुइट."

"एवढी बाजू करू द्या हो. पोर अशी जाईल का बाहेर?"

"त्यांची गाडी उभी आहे."

जूनीनं डोकं चाचपून बघितलं. "आजी, ही बाजू राहिली."

"ती घरी आल्यावर," वर्लीन म्हणाली. "आपल्या हिरव्या खोलीत."

"आज?"

वर्लीननं तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. लावतच राहिली. शेवटी बाटली मी तिच्या हातातून काढून घेतली.

नाताळच्या आधी कोर्टाची तारीख लागली. त्या कुटुंबानं जूनीला कायमची दत्तक मागितली होती. आमचं अख्खं माउंट नेबो आलं, चांगल्या कपड्यांत, बायका टोप्या घालून. बाकं भरली. न्यायाधीश बाई होत्या, पांढरे केस, आवाज मऊ. टॅम्सिननं अर्जाचा मसुदा दिला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलेलं आहे. कोर्टानं काय केलं ते यावरून मला कळत नाही." मग टॅम्सिननं साक्षीदार म्हणून डीकनला उभं केलं.

होजेया ब्लेडसो नव्वदीकडं झुकलेला, पण काठी न टेकता गेला. शपथ घेतली. म्हणाला, "बाई, मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिनं कागद आमच्या सगळ्यांपुढं वाचला. आरोप रद्द, आरोपी मुक्त. पोरीनं हात दाखवला. ही बसलेली सगळी माणसं तिथं होती."

"मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण तो कागद कुठं आहे?"

"जाळला."

"कुणी?"

"मी. काडी मी लावली."

"का जाळला, मिस्टर ब्लेडसो?"

डीकननं आमच्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "आमच्यात जाळतात," तो म्हणाला. "वाईट दिवस संपले की."

सरकारी वकिलानं मान खाली घातली. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, देव आत्ता तरी हिच्या मनात शिरेल. देवा, तू होतास कुठं रे त्या दिवशी? त्या म्हणाल्या, मिसेस प्रुइट चांगल्या आजी असतील याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. वॉशिंग्टनचं उत्तर कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पोरगी आहे तिथं रुळली आहे, तिला किती काळ लोंबकळत ठेवायचं? कायदा त्यांना रिकाम्या जागेवरून उडी मारू देत नाही. आणि त्यांनी दत्तकाच्या हुकमावर सही केली.

आमच्यात कुणी ओरडलं नाही. मी ओरडणार होते. वर्लीननं माझं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशी वळ उठला होता. बोटं बधिर म्हणे!

त्या लोकांनी एक शेवटची भेट देऊ केली, स्वतःहून. त्यांच्या गावच्या बागेत, भर थंडीत. दत्तक घेणाऱ्या बाईनं कुठंतरी शिकून जूनीच्या वेण्या घातल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या. नीट होत्या, मणीसुद्धा लावलेले. वर्लीननं पिशवीतून कंगवा काढला नाही. पोरीला मांडीवर घेऊन झोका घेतला, गरम चॉकलेट पाजलं, रोशेलचा फोटो तिच्या कोटाच्या खिशात घातला. मग आम्ही गाडीत बसलो. मी काच खाली केली. जूनी त्या बाईच्या कडेवर होती. गाडी हलली तसा तिनं हात हलवला आणि आपल्या सवयीनं, हसतच, मोठ्यानं म्हणाली, "गेली!"

वर्लीननं पुढं बघितलं. घर येईपर्यंत ती पुढंच बघत होती.

वॉशिंग्टनचं पाकीट ईस्टर उलटल्यावर आलं. कामावरून येताना तिच्या टपालपेटीतून मीच काढलं, तिच्या हातात दिलं. तीन ओळी. आपल्या अर्जावरून सदर अटकेची नोंद काढून टाकण्यात आली आहे. वर्लीननं वाचलं, मला दिलं, मी वाचलं, परत दिलं. मला इतका संताप आला की मी आमच्या मधल्या कुंपणाचा उरलेला निम्मा भागही लाथेनं पाडला असता.

गावात काही लपत नाही. रविवारी प्रार्थनेनंतर डीकन होजेया वर्लीनच्या दारात आला, टोपी हातात. मी तिथंच होते. आत यायला तयार होईना. दारातूनच म्हणाला, "सिस्टर प्रुइट, कागद आला म्हणे. मी काही पिंपाबद्दल म्हणत नाही. ते मी पालथं घातलंय. मी नुसता..."

"आत या, डीकन," वर्लीन म्हणाली. "उभे का?"

तिनं स्वयंपाकघरातला फ्रीझर उघडला. माशांच्या पिशव्या बाजूला केल्या. पाकीट एका पिशवीत घातलं, त्यावर दुसरी पिशवी, मग तिसरी, आणि तळाशी ठेवलं. बराच वेळ वाकून तिथंच हात फिरवत राहिली, त्या गारठ्यात.

"जूनी मोठी होईल कधीतरी," ती आतच बघत म्हणाली. "विचारेल, आजी मला न्यायला का आली नाही? तिनं काय केलं होतं? तेव्हा मी असेन का नसेन. ओझेला, तू दाखव तिला. तू नसलीस तर हा फ्रीझर कुणाकडं जाईल ते बघून ठेव."

"बघते," मी म्हटलं.

तिनं मासे परत वर रचले आणि झाकण दाबलं. ते झाकण नीट लागत नाही, एका कोपऱ्याला उघडं राहतं. डीकन पुढं आला आणि त्यानं दोन्ही हात त्या कोपऱ्यावर टेकून धरले.